आईच्या डब्यातलं पासबुक, मुदत ठेव पावती आणि बाकी जुने कागद : सुरुवात कुठून करू?

रानजाई
नमस्कार मंडळी. आई गेल्या वर्षी गेली. साताऱ्याचं घर भाड्याने द्यायचंय, म्हणून मागच्या आठवड्यात मी आणि भाऊ कोठीची खोली आवरत होतो. लोणच्याच्या बरण्यांच्या मागे बोर्नव्हिटाचा पत्र्याचा डबा सापडला. वाटलं, बटणं असतील. बटणं होतीच. त्यांच्या खाली प्लास्टिकच्या पिशवीत रबर लावलेले कागद होते. रबराला हात लावला तर ते तुटून चिकटलंच बोटाला.

काय काय आहे ते सांगते. राष्ट्रीयीकृत बँकेचं सेव्हिंगचं पासबुक, कराडजवळच्या आईच्या माहेरगावच्या शाखेचं. नाव 'कु. कुसुम', पुढे माहेरचं आडनाव. खातं १९७९ चं. शेवटची नोंद जून १९८४, व्याज जमा, शिल्लक ४१२ रुपये ३५ पैसे. मग साताऱ्यातल्या एका नागरी सहकारी बँकेची मुदत ठेव पावती : सप्टेंबर १९९१, पाच हजार, तीन वर्षं, १२ टक्के, मुदतीअंती ७,१२९ रुपये. ही आईच्या सासरच्या नावावर, शालिनी. नॉमिनी म्हणून बाबा. बाबा २०११ मध्येच गेले. ती बँक आता दुसऱ्या बँकेत विलीन झाली आहे. शिवाय पाचशेची दोन इंदिरा विकास पत्रं आणि एका पतसंस्थेचं पिग्मीचं (रोज थोडे थोडे पैसे भरायच्या ठेवीचं) कार्ड. ती पतसंस्था कधीच बुडाली.

माझी मुख्य अडचण नावाची आहे. कुसुम आणि शालिनी एकच बाई, हे कुठल्या कागदावर लिहिलेलं असतं? लग्न डिसेंबर १९८२ चं, नोंदणी नाही. आधार, पॅन, रेशनकार्ड सगळीकडे शालिनी.

माहेरगावच्या शाखेत एक चक्कर मारून आले. काउंटरवरच्या मुलाने पासबुक ताम्रपट धरावा तसं धरलं. खाते क्रमांक चार आकडी आहे हे बघून म्हणाला, "मॅडम, एवढा छोटा नंबर सिस्टीम घेतच नाही." आणि परत दिलं. संपलं.

कोणी यातून गेलंय का?

गप्पीदास
४१२ रुपये! पुण्याहून कराड जाऊन-येऊन पेट्रोलच दोन हजारांचं. वर दोन रजा, मुद्रांक, नोटरी. पासबुक फ्रेम करून लावा भिंतीवर, स्वस्त पडेल. पावतीचं मात्र बघा, तिथे काहीतरी हाताला लागेल.

रानजाई
गप्पीदास, भाऊही हेच म्हणाला. तुमची त्याच्याशी ओळख आहे का?

खतावणी
ताई, मी छत्तीस वर्षं बँकेत काढली. त्यातली पहिली बारा हाताने लेजर, म्हणजे खातेवही, लिहिण्यात गेली. तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

आधी एक भीती काढून टाका. पैसे 'बुडाले', 'सरकारजमा झाले' असं काही होत नाही. बचत खात्यात खातेदाराने स्वतः दोन वर्षं काही व्यवहार केला नाही तर ते निष्क्रिय होतं. दहा वर्षं झाली की ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत जाते. ही योजना २०१४ ची. बँकेत तिला आद्याक्षरांवरून 'डीफ' म्हणतात. डीफ म्हणजे बहिरा. नाव ठेवणाऱ्याच्या लक्षात आलं नसावं, पण अनुभव घेणाऱ्यांच्या येतं. तर, पैसा तिकडे गेला तरी खातेदाराचा किंवा वारसाचा हक्क जात नाही, त्याला मुदत नाही. आणि मागायला रिझर्व्ह बँकेत जायचं नसतं. आपल्या शाखेतच अर्ज द्यायचा. बँक आपल्याला देते आणि नंतर निधीतून स्वतः वसूल करते. मुदत ठेवीची दहा वर्षं मुदत संपल्यापासून मोजतात. तुमची पावती १९९४ ला पिकली, म्हणजे तीही तिकडेच असणार.

आता तुमच्या चार आकडी नंबराचं. तुमच्या आईच्या वेळी खातं म्हणजे कापडी बांधणीच्या जाड लेजरमधलं एक पान. पासबुकच्या पहिल्या पानावर खाते क्रमांकाच्या शेजारी किंवा खाली तिरकस रेघ असलेला दुसरा आकडा आहे का बघा, '४/११२' असा काहीतरी. तो लेजर फोलिओ. चौथं लेजर, पान ११२. वर्षानुवर्षं न हललेली खाती आम्ही मूळ लेजरमधून काढून निष्क्रिय खात्यांच्या वेगळ्या लेजरात नेत असू, आणि जुन्या पानावर लाल शाईने 'अमुक पानावर वर्ग' लिहीत असू. पुढे संगणक आले तेव्हा याच पानांवरून नावं टाइप झाली. ती टाइप करणारी मुलं कंत्राटी, रोज शेकड्यांनी खाती चढवायची. कुसुमचं काय झालं असेल ते देव जाणे. मग कोअर बँकिंग, म्हणजे सगळ्या शाखांची मिळून एकच संगणक यंत्रणा, आलं आणि खात्यांना नवे लांबलचक क्रमांक मिळाले. जुना नंबर सिस्टीम 'घेत नाही' हे त्या मुलाचं म्हणणं खरं आहे. पण जुना-नवा क्रमांक जुळवणारी यादी प्रत्येक शाखेने केलेली असते. ती मागायची असते, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. तो जन्मला तेव्हा ती लेजरं माळ्यावर गेली होती.

म्हणून तोंडी विचारू नका. साध्या कागदावर शाखाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहा : जुना क्रमांक, फोलिओ, नाव, वडिलांचं नाव, गाव, शेवटची नोंद आणि शिल्लक. सोबत पासबुकची झेरॉक्स. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. शिक्का बसला की कागदाला पाय फुटतात. मूळ पासबुक आणि मूळ पावती पोच घेतल्याशिवाय कोणाच्या हातात ठेवू नका, मी बँकवाला असूनही सांगतो. आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जाऊ नका, पेन्शनची गर्दी असते.

गप्पीदासांना म्हणून एक कबुली देतो. ४१२ पैकी काही उरलं असेलच असं नाही. एक काळ असा होता की पडून राहिलेल्या खात्यांना बँका सेवा आकार लावत आणि छोटी शिल्लक हळूहळू शून्यावर येई. आता निष्क्रिय खात्याला किमान शिल्लक नाही म्हणून दंड लावता येत नाही, खातं पुन्हा चालू करायलाही पैसे घेता येत नाहीत. हे १ एप्रिल २०२४ पासून.

पक्का_हिशेबी
खतावणी काकांचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला.

ताई, घरबसल्या आधी उद्गम पोर्टल बघा, दावा न झालेल्या ठेवी शोधायचं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू केलं. आधी सात बँका होत्या, आता तीस आहेत. मोबाइल नंबरने नोंदणी, मग खातेदाराचं नाव, बँक आणि पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा जन्मतारीख यांपैकी एक. यातलं काही नसेल तर पत्त्यावरून शोधता येतं. तुमच्या बाबतीत पत्ताच टाका, कारण १९७९ च्या खात्याला पॅन कुठला जोडलेला असणार! पत्ता म्हणजे गावाचं नाव, आणि तेही जुन्या स्पेलिंगने.

खरी करामत नावाच्या स्पेलिंगमध्ये आहे. माझ्या आजोबांचं नाव दत्तात्रय. शेवटी 'ए' लावून काही नाही. 'ए' काढून काही नाही. आडनाव वाघ, ते 'डब्ल्यू'ने काही नाही, 'व्ही'ने काही नाही. शेवटी नुसतं 'डी' आणि आडनाव टाकलं, तेव्हा त्यांच्या तालुक्याच्या शाखेतलं खातं वर आलं. पोर्टल रक्कम दाखवत नाही. एक संदर्भ क्रमांक देतं, तो घेऊन शाखेत जायचं. रक्कम निघाली नऊ हजार आणि काहीतरी. आजोबांनी आयुष्यभर आजीला सांगितलं होतं की माझ्याकडे एक पैसा नाही.

खतावणी
वाघ 'व्ही'ने! हा प्रकार मीही केलेला असणार कुठेतरी. क्षमस्व.

उद्गमबद्दल एक पुस्ती. तिथे फक्त निधीत गेलेल्या ठेवी दिसतात. पाच-सहा वर्षं पडून असलेलं खातं दिसणार नाही. आणि बहुतेक नागरी सहकारी बँका त्यात नाहीत. पण सहकारी बँकांनाही हा निधीचा नियम लागू आहे, तेव्हा पावतीची चौकशी थेट बँकेत करा. बँका आपल्या संकेतस्थळावरही दावा न झालेल्या ठेवींची यादी नाव-पत्त्यासह लावतात. ती चाळायला कंटाळवाणी, पण आडनावावरून गावकरी सापडतात.

तापीकाठी
पतसंस्थेच्या कार्डाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून मी बोलतो. जळगावचा आहे, पतसंस्था म्हणजे काय ते आम्हाला विचारा भो. 😐

पतसंस्था ही बँक नाही. ती सहकार कायद्याखाली, सहकार खात्याच्या देखरेखीखाली. रिझर्व्ह बँकेचा संबंध नाही, म्हणून ना उद्गम, ना निधी, ना ठेव विमा. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून पाच लाखांपर्यंत मिळतात (४ फेब्रुवारी २०२० पासून पाच, त्याआधी एक लाख). पतसंस्थेला ते कवच नाही. अवसायक (बुडालेल्या संस्थेचा कारभार गुंडाळणारा) नेमलेला असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात त्याचं नाव मिळेल. त्याच्याकडे ठेवीदारांची यादी असते, त्यात आपलं नाव आहे का एवढं बघायचं. वसुली झाली तर वाटप. मी सोळा वर्षं आमच्या एका संस्थेच्या यादीत आहे. माझा अनुक्रमांक मला पाठ आहे.

पिग्मीचं कार्ड मात्र टाकू नका. आमच्याकडचा पिग्मीवाला रोज संध्याकाळी सात वाजता यायचा, आई दोन रुपये द्यायची, तो कार्डावर सही मारायचा. पाऊस असो काही असो. माणूस चांगला होता, त्याचेही त्यातच गेले.

सातासमुद्रापार
न्यू जर्सीहून. इकडे उलटं आहे. पडून राहिलेला पैसा ज्या त्या राज्याच्या खजिन्याकडे जातो, आणि राज्याच्या संकेतस्थळावर नुसतं नाव टाकलं की जुन्या पगाराच्या चेकपासून वीज कंपनीच्या अनामत रकमेपर्यंत सगळं दिसतं. मला विद्यार्थी असतानाच्या अपार्टमेंटचे ४३ डॉलर मिळाले. घरबसल्या, चार आठवड्यांत.

माझं भारतातलं दुखणं वेगळं. कॉलेजात असताना उघडलेलं बचत खातं तसंच ठेवून आलो. परदेशी स्थायिक झाल्यावर ते एनआरओ (अनिवासी भारतीयाचं खातं) करायला हवं होतं, कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आता ते सुरू करायला कागद साक्षांकित करून पाठवा म्हणतात. सही जुळत नाही हे वर. अठराव्या वर्षी सही मराठीत करायचो, आता इंग्रजीत. बँकेच्या माणसाने व्हिडिओ कॉलवर मराठी सही करून दाखवा म्हटलं. तीनदा केली. तिन्ही वेगळ्या आल्या.

गप्पीदास
सातासमुद्रापार, 😂 चौथी मी करून देतो.

मांडवीकाठ
विषय निघालाच आहे तर गोव्याची गोष्ट सांगते. थोडं अवांतर होईल.

पोर्तुगीज काळात पणजीत बांको नासियोनाल उल्त्रामारिनो ही बँक होती. लोक तिच्याकडे दागिने तारण ठेवून कर्ज काढायचे. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, पण त्याआधीच ते सोनं लिस्बनला नेलेलं होतं. इकडे पावत्या राहिल्या, तिकडे दागिने. दोन देशांत बोलणी होत होत ते सोनं परत आलं १९९१ मध्ये. तीस वर्षांनी! माझ्या आजीच्या आईकडे अशी एक पावती होती. पोर्तुगीजमध्ये, गुलाबी कागद. दागिने परत मिळण्याची वाट बघत ती बाई गेली, मग आजी वाट बघू लागली. सोनं आलं तेव्हा पावती घेऊन जायचं तर त्यावर नाव आजीच्या आईचं, आणि वारस सात. भावंडांत जे व्हायचं ते झालं. शेवटी कोणाला काय मिळालं ते आमच्या घरात अजून कोणी नीट सांगत नाही.

म्हणून रानजाई, भावाला आधीच सोबत घे. कागदाचं मागाहून जमतं.

रानजाई
मांडवीकाठ, अंगावर काटा आला. भाऊ सोबत आहे, फक्त चेष्टा करतो.

खतावणी काका, फोलिओ आहे! '३/८७'. मी तो लेखनिकाचा शेरा समजत होते.

पक्का_हिशेबी
ताई, बाकीच्या नोंदी कशा आहेत? म्हणजे खातं चालतं होतं की नुसतं उघडून ठेवलेलं?

रानजाई
चालतं होतं. आई लग्नाआधी गावात बालवाडीत शिकवायची. पन्नास रुपयांनी खातं उघडलंय आणि मग दर महिन्याला १५ रुपये. कधी सात तारीख, कधी नऊ, पण १५ चुकलेले नाहीत. लग्न झालं आणि भरणं थांबलं. त्यानंतर फक्त व्याजाच्या नोंदी. शेवटची जून १९८४ ची, तेव्हा मी पोटात होते आणि आई बाळंतपणाला माहेरी आलेली, तेव्हाच पासबुक भरून घेतलेलं दिसतं. काढलेली रक्कम सगळ्या पासबुकात एकच : २२ जून १९८२, ३४० रुपये. लग्नाच्या सहा महिने आधी. कशाला काढले कोण जाणे. साडी असेल, दुसरं काय.

झाकोळ
मला शेअर्सबद्दल विचारायचं होतं, वडिलांची कागदी प्रमाणपत्रं...

पक्का_हिशेबी
झाकोळ, शेअर्सचा वेगळा धागा काढा, तो समुद्र आहे. थोडक्यात : सलग सात वर्षं लाभांश उचलला नसेल तर लाभांश आणि शेअर्स दोन्ही गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. परत मागता येतात, पण आधी कंपनीकडून पात्रतेचं पत्र, मग अर्ज. म्युच्युअल फंड विसरला असाल तर सेबीने मित्र नावाची सोय केली आहे, २०२५ ची, तिथे शोधा. आणि कोणी फोन करून 'तुमचे पैसे अडकलेत, अमुक टक्के द्या, ओटीपी सांगा' म्हणालं तर फोन ठेवा. अशा फोनांचा सध्या सुळसुळाट आहे.

खतावणी
रानजाई, आता दाव्याचं. दोन्हीकडे नॉमिनेशनचा उपयोग नाही. पासबुकावर नॉमिनी नाही, पावतीवरचे नॉमिनी आईच्या आधी गेले, म्हणजे नसल्यातच जमा. तेव्हा वारस म्हणून अर्ज. तुम्ही दोघं भावंडंच वारस असं धरतो. आईचा मृत्युदाखला, बाबांचा मृत्युदाखला, दोघांची ओळखपत्रं, दाव्याचा अर्ज, हमीपत्र. एकाच्या नावावर घ्यायचं असेल तर दुसऱ्याचं ना-हरकतपत्र. न्यायालयातून वारस दाखला आणा असं कोणी म्हणालं तर घाबरू नका. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये मृत खातेदारांच्या दाव्यांचे नियम एकसारखे केले : वाद नसेल आणि मृत्युपत्र नसेल तर व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंत, सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत असा दाखला मागायचा नाही. कागद पूर्ण झाल्यापासून पंधरा दिवसांत निकाल लावायचा. ३१ मार्च २०२६ च्या आत बँकांनी हे अमलात आणायचं होतं. शाखेत हे परिपत्रक माहीत नसेल तर छापून न्या. नम्रपणे पुढे सरकवा. मॅनेजरला चार लोकांत शिकवू नका, तो मग खरोखर शिकतो आणि दहा कागद जास्त मागतो.

कुसुम-शालिनीचं असं. आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं की झालं, कागदाला कोण विचारतं. हे काम मी शेकडो वेळा हाताळलं. लागतं ते : आईचा शाळा सोडल्याचा दाखला, लग्नपत्रिका सापडली तर सोनं, आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असं प्रतिज्ञापत्र. ते माहेरच्या जिवंत नातेवाइकाने केलं तर वजन येतं. मामा आहेत का?

आणि विलीन बँकांचं इतरांसाठी लिहून ठेवतो, कारण 'ती बँकच राहिली नाही' म्हणून लोक पावत्या फाडतात. मिरज स्टेट बँक १९८५ मध्ये युनियन बँकेत गेली. बँक ऑफ कराड १९९४ मध्ये बँक ऑफ इंडियात. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये, कुरुंदवाडची गणेश बँक त्याच वर्षी फेडरल बँकेत, सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये. देना आणि विजया १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोद्यात. सिंडिकेट १ एप्रिल २०२० ला कॅनरात, त्याच दिवशी आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियनमध्ये, अलाहाबाद इंडियन बँकेत, ओरिएंटल आणि युनायटेड बँक ऑफ इंडिया पंजाब नॅशनलमध्ये. घेणाऱ्या बँकेवर जुन्या ठेवींची जबाबदारी येते. शाखा हलली असेल, पाटी बदलली असेल, पावती जिवंत आहे.

तापीकाठी
इंदिरा विकास पत्राचं राहिलं. त्यावर नावच नसतं, ज्याच्या हातात त्याचं. निम्म्या किमतीला मिळायचं आणि मुदतीअंती छापील रक्कम. १९९९ ला बंद झालं. हरवलं तर गेलं, पण तुमच्या हातात मूळ कागद आहे. मुख्य टपाल कार्यालयात घेऊन जा. पाचशेची दोन, हजार रुपये. बापाचं नाव कोणी विचारणार नाही, हे त्यातलं सुख.

गप्पीदास
या धाग्यामुळे आमच्या हिने घरातले सगळे डबे उपसले. निघालं काय, तर १९९८ चं तिचंच पासबुक, जे मला माहीत नव्हतं. आता त्यात किती होते हे मला कळायला हवं की नको यावर चर्चा सुरू आहे. ३४० रुपये साडीचे नसावेत एवढं मी आता अनुभवाने सांगतो.

रानजाई
दोन महिन्यांनी लिहितेय, माफी.

पावतीचं आधी. विलीन करून घेतलेल्या बँकेच्या साताऱ्याच्या शाखेत एक बाई अधिकारी होत्या, त्यांनी पावती उलटी करून मागचा शिक्का वाचला, आत गेल्या आणि वीस मिनिटांत खातं शोधून आणलं. निधीत गेलेलं होतंच. मुदतीनंतरचं व्याज बचत खात्याच्या दराने किंवा त्याहून कमी, चक्रवाढ वगैरे नाही. हातात आले १५,८०० च्या आसपास. भाऊ म्हणाला, बारा टक्के चालू राहिले असते तर फ्लॅटचं डाउन पेमेंट झालं असतं. असो.

पासबुकवाल्या बँकेने छळलं. पहिला अर्ज हरवला. दुसऱ्यावर 'आमच्याकडे नोंद आढळत नाही' असं उत्तर. तेव्हा काकांच्या सांगण्यावरून बँकेच्या तक्रार कक्षाला पत्र दिलं आणि तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन असं शेवटी लिहिलं. अठराव्या दिवशी फोन. नवीन बदलून आलेले मॅनेजर. म्हणाले, "तुमचा फोलिओ नंबर होता म्हणून सापडलं." नाव चढवलं होतं 'कुसम', आडनावाच्या जागी गावाचं नाव, आणि आडनाव पत्त्याच्या रकान्यात. अशी बाई जगात कुठल्याच शोधात सापडली नसती.

प्रतिज्ञापत्राला मामाला नेलं. मामा आता एकसष्ट. लग्नपत्रिका त्याच्याकडे होती, देवघरातल्या पोथीत. 'चि. सौ. कां. कुसुम' छापलेलं, खाली आजोबांचं नाव. मुद्रांक ५०० चा घ्यावा लागला. ऑक्टोबर २०२४ पासून शंभरचा चालत नाही, मी जुना घेऊन गेले होते तो वाया गेला. गप्पीदास, हा तुमच्या खर्चाच्या यादीत धरा.

मॅनेजरांनी सही पडताळायला नमुना सहीचं कार्डही काढलं होतं. पोस्टकार्डाएवढं, पिवळं पडलेलं. त्यावर आईची सही, मराठीत, 'कुसुम' मधला पहिला उकार मोठा काढलेला. मी ती सही आयुष्यात पहिल्यांदा बघितली. आम्हाला माहीत असलेली आई इंग्रजीत 'एस' काढून पुढे रेघ ओढायची. फोटो काढू का विचारलं. नियमात बसत नाही म्हणाले, आणि पाणी प्यायला बाहेर गेले. मी नाही काढला. कार्ड हातात धरून बसले होते.

रक्कम निघाली १,९२८ रुपये. अर्धी माझ्या खात्यात, अर्धी भावाच्या.

मामा तेवढ्या वेळात शेजारच्या बाकड्यावर पासबुक चाळत होता. चष्मा वर करून, पान डोळ्यांजवळ नेऊन. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "बावीस जून. त्या वर्षी माझी आयटीआयला निवड झाली. कराडला जायला सायकल घेतली होती." आमच्या घरी ती सायकल प्रसिद्ध आहे. आजोबांनी पाडी विकून घेतली, असं मामा चाळीस वर्षं सांगत आलाय. प्रत्येक लग्नात, प्रत्येक दहाव्याला. मी म्हटलं, मामा, पाडी? तो म्हणाला, "दादांनी (म्हणजे आजोबांनी) तसं सांगितलं होतं. ताई पण हो म्हणाली होती." मग म्हणाला, पाडी त्या उन्हाळ्यात मेली होती, ते त्याला तेव्हाही माहीत होतं, पण त्याने कधी दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघितल्या नाहीत.

पासबुक रद्द केल्याचा शिक्का मारून बँकेने परत दिलं. मामाने मागितलं, मी देऊन टाकलं.

पतसंस्थेच्या यादीत आईचं नाव आहे. तापीकाठी, अनुक्रमांक १,१४३.

तापीकाठी
या, बसा. इकडे वेळ भरपूर आहे.